क्लच : पकडीचा शब्द

गॅरेजमध्ये गाडीची वाट पाहत बसलेल्याच्या कानावर ‘क्लचप्लेट गेली’ हे वाक्य हमखास पडते. त्यातला ‘क्लच’ फार जुना. प्राचीन इंग्रजीत ‘क्लिच्चन’ म्हणजे बोटे आवळणे. पुढे घट्ट धरणे हा अर्थ रुळला. इंग्रजीत कुणाच्या ‘क्लचेस’मध्ये सापडणे म्हणजे आपले तावडीत सापडणेच. यंत्रातल्या जोडणीला हे नाव मिळाले १९व्या शतकाच्या आरंभी, मोटारीच्या जन्माआधी.

नाव चपखल आहे. प्रेशर प्लेट क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि निव्वळ घर्षणाच्या जोरावर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते.

बोलीत मात्र अर्थ उलटा फिरला. पेडललाही क्लचच म्हणू लागल्यामुळे ‘क्लच दाब’ म्हणजे पकड सोडव आणि ‘क्लच सोड’ म्हणजे पकड बसू दे! या दोहोंच्या मधला ‘हाफ क्लच’. घाटात गाडी त्यावर तोलून धरायची सवय प्लेटचा जीव घेते: ती घासते, तापते, जळका वास सुटतो. मग इंजिन नुसते ओरडते, वेग वाढत नाही. ‘क्लच स्लिप होतोय’ हे निदान मेकॅनिक तेव्हाच करतो. मोटारसायकलीत बहुधा क्लचप्लेटा इंजिन ऑइलमध्येच भिजलेल्या असतात. मोटारीच्या ऑइलने त्या घसरू शकतात, म्हणून ते तिथे ओतू नये.

आता शब्द गॅरेजबाहेरही पोचला आहे. केस आवळणारा तो ‘क्लचर’, लग्नसमारंभात मुठीत धरायची बिनपट्ट्याची पर्स ती ‘क्लच’.