भूल दिल्याने कॅन्सर उलटतो का?

ऑपरेशनआधी अनेक रुग्ण हे विचारतात. शंका निराधार नव्हती. ऑपरेशनचा ताण आणि काही भूलऔषधे यांमुळे कॅन्सरपेशी मारणाऱ्या 'नॅचरल किलर' पेशी काही काळ मंदावतात, असे प्रयोगशाळेत दिसले होते. पण २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या २,१०८ स्तनकर्करोग रुग्णांच्या अभ्यासात भुलीची पद्धत बदलूनही कॅन्सर उलटण्याचे प्रमाण सारखेच, सुमारे १० टक्के राहिले.

मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी वेगळी वाट धरली. पूर्ण भूल तीच. फक्त गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती लिडोकेन या जागा बधिर करणाऱ्या स्वस्त औषधाचे इंजेक्शन. २०११ पासून सुमारे १,६०० स्त्रियांवर अभ्यास झाला. २०२३ मध्ये निष्कर्ष छापले गेले: पाच वर्षांनी हयात स्त्रिया ८६.४ ऐवजी ९०.१ टक्के.

म्हणून भुलीच्या भीतीने ऑपरेशन लांबवू नका.