नौका विरली, ठसा उरला

ऐतिहासिक चित्रपट पाहायला बसताना मनात थोडी धास्ती असतेच. राजवाडे, लढाया आणि भरजरी पोशाख यांच्या झगमगाटात खरा इतिहास बहुधा हरवून जातो. २०२१ साली प्रदर्शित झालेला 'द डिग' हा इंग्रजी चित्रपट मात्र आम्ही मनापासून आनंद घेत पाहिला. यात राजा नाही आणि लढाईही नाही. मातीचे एक टेकाड, एक विधवा बाई, तिचा लहान मुलगा आणि हाती फावडे घेतलेला एक खेडवळ माणूस, एवढ्याच भांडवलावर दिग्दर्शक सायमन स्टोन यांनी आम्हाला जवळजवळ दोन तास खिळवून ठेवले.

कथेचा गाभा खरा आहे. इंग्लंडच्या पूर्व भागात, सफोक परगण्यात, डेबेन नदीच्या काठावर सटन हू नावाचे ठिकाण आहे. तेथील जमिनीच्या मालकीण ईडिथ प्रेटी यांच्या घरासमोरच्या माळावर अनेक जुनी टेकाडे होती. त्यांत काय दडले आहे हे जाणून घेण्यासाठी त्यांनी १९३८ साली बेझिल ब्राऊन यांना कामावर घेतले. ब्राऊन यांची शाळा बाराव्या वर्षीच सुटली होती. शेतावर राबता राबता त्यांनी खगोलशास्त्र, भाषा आणि पुरातत्त्व यांचा अभ्यास स्वतःच केला होता. त्यांची मजुरी आठवड्याला तीस शिलिंग होती.

१९३९ च्या मे महिन्यात सर्वांत मोठे टेकाड खणताना एक लोखंडी खिळा हाती लागला. ब्राऊन यांनी ताबडतोब फावडे थांबवले. जवळच्या स्नेप या गावी १८६२ साली एका पुरलेल्या नौकेचे असेच खिळे मिळाले होते, हे त्यांना ठाऊक होते. मग हलक्या हाताने वाळू दूर करत ते एकेका खिळ्याचा माग काढू लागले. लाकूड केव्हाच कुजून गेले होते. परंतु वाळूत त्याचा ठसा उरला होता आणि खिळे आपापल्या जागी रांगेने उभे होते. अशा रीतीने सुमारे सत्तावीस मीटर लांबीची, सातव्या शतकाच्या आरंभीची नौका प्रकट झाली. घाईने खणले असते तर तिचा मागमूसही राहिला नसता. काही शतकांपूर्वी चोरांनीही हे टेकाड खणले होते. पण शेताच्या बांधामुळे टेकाडाचा आकार बदलला होता, त्यामुळे त्यांनी भलत्याच ठिकाणी खड्डा पाडला आणि ठेवा वाचला.

नौकेच्या मध्यभागी एक दफनकक्ष होता. मोलाचा शोध लागला आहे हे कळताच केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स यांनी कामाची सूत्रे हाती घेतली आणि ब्राऊन यांना दुय्यम स्थान मिळाले. हा भाग चित्रपटाने फार संयमाने दाखवला आहे. राल्फ फाइन्स यांनी ब्राऊन यांचा अपमान आणि स्वाभिमान, दोन्ही फारसे न बोलता उभे केले आहेत. ऑगस्टमध्ये सरकारी चौकशी होऊन हे सारे धन ईडिथबाईंचे आहे असा निर्णय झाला आणि त्यांनी ते सर्वच्या सर्व राष्ट्राला देऊन टाकले. तीनच आठवड्यांत महायुद्ध पेटले. पुढे देऊ केलेला सन्मानाचा किताबही त्यांनी नाकारला. ब्राऊन यांचे नाव मात्र संग्रहालयातील मांडणीत येण्यास अनेक वर्षे जावी लागली.

चित्रपटाने काही स्वातंत्र्य घेतले आहे, तेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. ईडिथबाई त्या वेळी पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. पडद्यावर त्या तरुण दिसतात. पेगी पिगट नवख्या दाखवल्या आहेत. वास्तविक त्या प्रशिक्षित आणि अनुभवी संशोधक होत्या. छायाचित्रे काढणारा तरुण काल्पनिक आहे. उत्खननाची अनेक छायाचित्रे मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या दोन शिक्षिकांनी काढली होती.

चित्रपट शोध लावणाऱ्यांची कथा सांगतो आणि तेथेच थांबतो. आमच्यासारख्या धर्मगुरूचे कुतूहल तेथून पुढे सुरू होते. त्या नौकेत ज्याला निजवले, तो कोण होता? आणि कोणत्या देवाला स्मरून त्याने डोळे मिटले?

देह मिळाला नाही. आम्लयुक्त वाळूने तो गिळून टाकला होता. सोने, गार्नेटचे खडे जडवलेले अलंकार, शिरस्त्राण आणि फ्रँक राज्यातील सदतीस सुवर्णनाणी मात्र मिळाली. त्यांतच पूर्वेकडून आलेले, क्रुसाकृती नक्षीचे चांदीचे दहा वाडगे होते आणि चांदीचे दोन चमचे होते. एका चमच्यावर ग्रीक लिपीत 'पौल' असे नाव आहे. दुसऱ्यावरील अक्षरे काही जण 'शौल' अशी वाचतात आणि हे चमचे म्हणजे स्नानसंस्काराची भेट असावी असे मानतात. इतर अभ्यासकांच्या मते ती केवळ कारागिराची चूक आहे.

हा मृत मनुष्य पूर्व अँग्लियाचा राजा रेडवल्ड असावा, असा बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. संत बीड यांनी ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात त्याची हकीकत आहे. केंटमध्ये त्याने स्नानसंस्कार घेतला. पण घरी परतल्यावर पत्नी आणि काही सल्लागार यांच्या सांगण्यावरून तो डळमळला. एकाच मंदिरात त्याने ख्रिस्ताची वेदी उभारली आणि जुन्या देवतांसाठी दुसरी लहान वेदीही ठेवली. बीड यांनी त्याला कठोर दोष दिला आहे.

तरीही त्याच बीडनी आणखी एक प्रसंग नोंदवला आहे. एडविन नावाचा परागंदा राजपुत्र रेडवल्डच्या आश्रयाला आला होता. शत्रूने त्याच्या जिवाची किंमत देऊ केली आणि राजाला मोह पडला. तेव्हा सोन्यासाठी मित्राला विकणे राजाला शोभत नाही, असे त्याला बजावले ते त्याच्या पत्नीने! एडविन वाचला, नॉर्थंब्रियाचा राजा झाला आणि ६२७ च्या पास्काच्या सणाला त्याने स्नानसंस्कार स्वीकारला. ख्रिस्तसभा त्याला संत मानते. दोन वेद्यांच्या त्या घरात एका संताचे प्राण वाचले.

ज्या पोप महान ग्रेगरी यांनी इंग्लंडला मिशनरी पाठवले, त्यांना माणसाची ही संथ चाल ठाऊक होती. ६०१ सालच्या एका पत्रात त्यांनी कळवले की मूर्ती काढाव्यात, पण चांगली मंदिरे पाडू नयेत. पवित्र जल शिंपडून तेथेच खऱ्या देवाची उपासना करावी. उंच जागी चढणारा माणूस पायरी पायरीने चढतो, उडी मारून नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या ईस्ट इंडियन घरांतील लग्नात उंबराच्या पाण्याची जुनी रीत टिकून आहे. तिच्यामुळे कोणाच्या श्रद्धेला उणेपणा आला, असे आम्हाला वाटत नाही.

दोन वेद्या ठेवणे योग्य होते, असे आम्ही म्हणत नाही. पहिली आज्ञा स्पष्ट आहे. परंतु चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या हृदयाचा निवाडा करण्याचा अधिकार आपला नाही. ब्राऊन यांनी वाळूशी जो धीर धरला, तोच ग्रेगरींनी माणसांशी धरला. घरातील डळमळत्या श्रद्धेच्या मुलाशी किंवा शेजाऱ्याशी आपण तेवढा धीर धरतो का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

हा चित्रपट कुटुंबातील मोठ्या मुलांसह अवश्य पाहावा. आपली मुले लंडनला शिकायला वा नोकरीला असतील, तर त्यांना ब्रिटिश म्युझियममध्ये जायला सांगावे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शिरस्त्राण तर ती पाहतीलच. त्या दोन चमच्यांपुढेही त्यांनी क्षणभर थांबावे आणि त्या अनाम मृतासाठी एक प्रार्थना म्हणावी.