नेचा नसलेला नेचा

कामठी आणि सिलेवाडा ही नागपूरजवळची गावे. तिथल्या वालुकाश्मात सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या पानांचे ठसे सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या परिसरातले ठसे जमवले. चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत ‘ग्लॉसोप्टेरिस’ची पाने ठळक होती.

हे नाव १८२८ मध्ये फ्रान्सच्या अडॉल्फ ब्रोंन्यार यांनी भारत व ऑस्ट्रेलियातील ठशांवरून दिले होते. ग्रीकमध्ये ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ, ‘प्टेरिस’ म्हणजे नेचा. ठशात फूल नाही, फळ नाही, खोड नाही. ओळख पटवायची ती पानाच्या शिरांवरूनच. मधोमध ठळक शीर आणि तिच्यातून निघून जाळी विणत कडेला जाणाऱ्या बारीक शिरा, ही ग्लॉसोप्टेरिसची खूण. जाळी तशीच, पण मध्यशीर नाही, ते गंगामॉप्टेरिस. नुसता कडेचा तुकडा हाती आला, तर दोहोंतला फरक सांगणे अवघड. जाळीदार शिरा आजच्या काही नेच्यांतही असतात. म्हणून ब्रोंन्यार यांचा अंदाज वावगा नव्हता.

अडचण एकच होती. नेच्याच्या पानामागे बीजाणूंचे ठिपके असतात. इथे ते कुणालाच खात्रीने दाखवता येईनात. अशा शंकेला १९०३ मध्ये इंग्लंडमधून बळ मिळाले. दगडी कोळशाच्या काळातील, नेचा समजल्या जाणाऱ्या एका वेगळ्याच वनस्पतीच्या खोडावर विशिष्ट ग्रंथी होत्या. सुट्या सापडलेल्या एका बीजाच्या वेष्टनावरही ऑलिव्हर आणि स्कॉट यांना हुबेहूब तशाच ग्रंथी दिसल्या. म्हणजे पान नेच्यासारखे असूनही ती वनस्पती बी धरत होती.

ग्लॉसोप्टेरिसचा उलगडा व्हायला आणखी अर्धे शतक लागले. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एड्ना प्लमस्टेड यांनी पानालाच जोडलेल्या जननावयवांचे वर्णन केले. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील अश्मीभूत अवशेषांवरून बियांची रचनाही स्पष्ट झाली. ‘व्हर्टेब्रारिया’ या वेगळ्या नावाने नोंदलेले अवशेष तर याच झाडांची मुळे निघाली.

उमरेड आणि चंद्रपूरचा कोळसा अशाच झाडांच्या रानांतून घडला. नाव मात्र आजही ‘जिभेसारखा नेचा’ असेच आहे; अर्थ चुकला म्हणून वनस्पतींचे शास्त्रीय नाव बदलत नाहीत. ते नाव वाचताना एवढेच ध्यानात ठेवावे, की त्यात १८२८ साली हाती असलेल्या पानांपुरतीच माहिती आहे.