वाघाची शीव

नाशिक म्हटलें कीं गोदावरीचा घाट, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर हीं प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्या क्षेत्राला परंपरेनें दंडकारण्यांत स्थान दिलें, त्याच्या इतिहासांत अरण्याचा वाटा क्षेत्राइतकाच मोठा आहे, ही गोष्ट सहसा विस्मृतींत जाते. या जिल्ह्याचे पूर्वापार दोन भाग मानीत आले आहेत. पश्चिमेकडील इगतपुरी, पेठ, सुरगाणा इकडचा डोंगराळ मुलूख तो डांग. आणि पूर्वेकडील काळ्या जमिनीचा सपाट मुलूख तो देश. डांगांतील माणसाची वाघ, बिबट्या, अस्वल यांच्याशीं गांठ नेहमींचीच. तेव्हां या श्वापदांपासून माणसानें आपलें रक्षण कसें केलें, हा प्रश्न केवळ शिकारीच्या रम्य कथांचा नाहीं. गुरें राखावयास गेलेलें पोर तिन्हीसांजेस सुखरूप घरीं यावें, एवढ्यासाठीं पिढ्यान् पिढ्या जी व्यवस्था उभी राहिली, तिचा हा इतिहास आहे.

त्या व्यवस्थेंतील पहिलें साधन म्हणजे गांवची शीव. डांगांतील कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादि लोकांच्या मुलुखांत गांवाच्या शिवेवर वाघदेवाचें ठाणें आढळतें. लांकडी फळीवर अथवा दगडावर वाघाची आकृति कोरलेली असते, आणि पुष्कळदां तिच्यासोबत सूर्य व चंद्रहि असतात. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीं, वाघबारस येते. त्या दिवशीं गुराखी ठाण्यापाशीं जमतात, नैवेद्य दाखवितात आणि गुराढोरांचें रक्षण कर असें गाऱ्हाणें घालतात. कांहीं ठिकाणीं पोरांपैकींच कोणी वाघ होतो, कोणी अस्वल होतो, आणि बाकीचीं पोरें ओरडाआरडा करून त्यांना रानाकडे पिटाळून लावतात.

शहरांतील मनुष्य याला भाबडेपणा म्हणेल. परंतु श्रोत्यांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. या गाऱ्हाण्यांत वाघाचा नायनाट मागितलेला नाहीं. त्यानें आपल्या हद्दींत राहावें, माणसानें आपल्या हद्दींत राहावें, इतकाच हा करार आहे. आणि पोरांच्या त्या खेळांत एक धडाहि आहे: श्वापद दिसलें असतां एकट्यानें पळूं नये, सर्वांनीं मिळून मोठ्यानें ओरडावें. देवावर भार टाकून लोक स्वस्थ बसले, असेंहि नाहीं. गोठ्याभोंवतीं काटेरी कुंपण, शेतांत उंच माळा, रात्रीं शेकोटी, हातांत गोफण नाहीं तर कोयता, सोबतीला कुत्रा, आणि रानांत जाणें तें घोळक्यानें, हे सारे उपाय त्या कराराच्या जोडीला होतेच.

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली आणि या कथेचें दुसरें प्रकरण सुरू झालें. आजच्या नाशिक जिल्ह्यांतील मालेगांव, बागलाण हा भाग त्या वेळीं खानदेशांत मोडत असे. नाशिकचा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं झाला. होळकरी धामधूम आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनीं खानदेश उजाड झाला होता. शेतें ओस पडलीं, त्यांवर रान माजलें, आणि रानामागोमाग वाघ गांवाच्या दारीं आला. १८२५ सालीं जेम्स औट्रम हा तरुण अधिकारी भिल्लांची पलटण उभारण्यासाठीं खानदेशांत आला. भिल्लांचा विश्वास त्यानें पुष्कळसा शिकारीच्या बळावरच संपादन केला. दहा वर्षांच्या आंत १९१ वाघांच्या वधप्रसंगीं तो स्वतः हजर होता, अशी नोंद त्याच्या चरित्रांत आहे.

या मोहिमांनीं गांवांना मोकळा श्वास घेतां आला, हें नाकारतां येत नाहीं. परंतु त्याबरोबर एक मोठा पालट घडला. श्वापदापासून रक्षण हें गांवाचें काम होतें, तें आतां सरकारचें झालें. मारलेल्या वाघामागें बक्षीस मिळूं लागलें. उलटपक्षीं १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें. वाघ ज्याच्या अंगणांत येई त्याच्या हातीं पूर्वींचाच कोयता उरला, आणि बंदूक मात्र साहेबाच्या व परवानेवाल्याच्या हातीं गेली. शिवाय बंदुकीची प्रत्येक गोळी वर्मीं लागत नसे. कुमाऊंकडे १९०७ सालीं जिम कॉर्बेटनें मारलेली चंपावतची नरभक्षक वाघीण हें याचें प्रसिद्ध उदाहरण होय. गोळीनें तिचे दांत मोडले होते, आणि नेहमींचें भक्ष्य मारणें अशक्य झाल्यामुळें ती माणसांवर उतरली, असें कॉर्बेटचें मत होतें.

पुढें नाशिकच्या रानांतून वाघ नाहींसा झाला. बिबट्या मात्र टिकला. विसाव्या शतकांत दारणा व गोदावरी यांचें पाणी कालव्यांनीं खेळूं लागलें, आणि निफाड, सिन्नर या बाजूस ऊस उभा राहिला. दाट सांवली, जवळ पाणी, वस्तीभोंवतीं कुत्रीं व शेळ्या, एवढें मिळाल्यावर बिबट्याला डोंगराची गरज उरली नाहीं. ज्या देशाला डांगासारखी वाघाची संवय नव्हती, तेथें वाघदेवाचें ठाणें नाहीं आणि शीवहि नाहीं. संकट आलें तें नेमकें तेथें. ऊसतोडणी सुरू झाली कीं बिबट्याचा आसरा तुटतो, आणि त्याच फडाच्या कडेला तोडणी मजुरांच्या दार नसलेल्या खोपट्यांत त्यांचीं लेंकरें निजलेलीं असतात. सर्वांत मोठा धोका त्यांना असतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बिबट्याला अभय दिलें. मात्र आपल्या अथवा दुसऱ्याच्या प्राणरक्षणार्थ सद्भावनेनें केलेला प्रतिकार गुन्हा मानिला नाहीं. त्यानंतर पिंजऱ्याचा उपाय पुढें आला. शेजारच्या पुणें जिल्ह्यांत जुन्नरकडे या शतकाच्या आरंभीं पुष्कळ बिबटे पकडून दूर सोडण्यांत आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, असे बिबटे जेथें सोडले त्या भागांत माणसांवरील हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलुखांत सोडलेलें जनावर बिथरतें, आणि त्याची रिकामी झालेली जागा बहुधा दुसरा बिबट्या घेतो.

इतक्या अनुभवाअंतीं आज जे उपाय सांगितले जातात, ते ऐकून डांगांतील म्हाताऱ्या गुराख्याला नवल वाटणार नाहीं. शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनीं बंद असावा, घराभोंवतीं उजेड असावा, पोरांना अंधारांत एकटें सोडूं नये, आणि बिबट्या दिसल्यास त्याला गर्दी करून कोंडूं नये. शीव राखणें तें हेंच. फरक एवढाच कीं, पूर्वीं ती राखण्याचा भार सारा गांव मिळून उचलीत असे. उसाचा पैसा ज्यांच्या घरीं जातो, त्यांनीं फडाकडेच्या खोपट्याला एक दार आणि एक दिवा दिला, तर त्या जुन्या कराराचें माणसाकडील कलम पाळल्यासारखें होईल.