जमखिंडीची पीतरेषा

हेलियम हें मूलद्रव्य प्रथम कोठें सांपडलें, असा प्रश्न केला असतां आमच्याकडील विद्यार्थी मोठ्या आत्मविश्वासानें एकच उत्तर देतात: विजयदुर्गावर, १८ ऑगस्ट १८६८ रोजीं, लॉकियरसाहेबांस. परीक्षक मान डोलावितात आणि गुण मिळतात. आम्हींही वर्गांत कित्येक वर्षें हेंच सांगितलें आहे, आणि सहलीस नेलेल्या मुलांस किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ बोट करून दाखविले आहेत. म्हणून पुढें जी दुरुस्ती करावयाची ती आधीं आमच्या स्वतःच्या टिपणवहींत करावी लागली, हें प्रारंभींच सांगून टाकणें बरें. कट्टे खरे आहेत, साहेबही खरे आहेत. सन मात्र तीस वर्षांनीं चुकला आहे. १८६८ च्या ऑगस्टांत नॉर्मन लॉकियर इंग्लंडांत होते. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं. आणि तोंपर्यंत हेलियम सूर्यावरच काय, पण पृथ्वीवरही सांपडून जवळजवळ तीन वर्षें होत आलीं होतीं.

दंतकथा काढून घेतली म्हणजे हातीं कांहींच उरत नाहीं, अशी भीति पुष्कळांस वाटते. या बाबतींत ती व्यर्थ आहे. निदान सांगली-साताऱ्याकडील मनुष्याच्या हातीं तर अधिकच लागतें.

१८ ऑगस्ट १८६८ म्हणजे शके १७९० ची श्रावण अमावास्या. त्या दिवशीं चंद्राची छाया एडनकडून अरबी समुद्र ओलांडून आमच्या किनाऱ्यावर चढली, दक्षिण महाराष्ट्रावरून विजापुराकडे गेली, आणि पुढें गुंटूर व मच्छलीपट्टण येथून बंगालच्या उपसागरांत उतरली. छायेचा पट्टा सुमारें दोनशें किलोमीटर रुंद होता. कोल्हापूर, सांगली, मिरज हीं गांवें त्यांत संपूर्ण बुडालीं. ग्रहण कोणत्या दिवशीं लागणार हें पंचांगांत होतेंच. आमच्या ज्योतिषाची ती विद्या जुनी आणि सन्मान्य आहे. परंतु ‘केव्हां’ याचें उत्तर देण्यांतच ती इतकी गुंतली, कीं सूर्य ‘कशाचा’ हा प्रश्न तिनें स्वतःस विचारलाच नाहीं. यांत आपणांस फारसें लाजण्याचें कारण नाहीं. तारे कोणत्या द्रव्याचे बनले आहेत हें मनुष्यास कधींही कळणार नाहीं, असें ऑग्यूस्त कोंतसारखा तत्त्वज्ञ १८३५ मध्यें लिहून बसला होता. पुढें १८५९-६० मध्यें किर्खोफ व बुन्सेन यांनीं प्रकाशाच्या वर्णपटांतील रेषांवरून द्रव्य ओळखण्याची रीति बसविली. आणि १८६८ चें ग्रहण हें त्या रीतीच्या हातीं लागलेलें पहिलें मोठें खग्रास ग्रहण होय. एरवीं सूर्यबिंबाच्या झगझगाटांत लोपणाऱ्या तांबड्या ज्वाला अशा वेळींच कांठावर दिसतात. त्या ज्वाला कशाच्या, एवढाच प्रश्न घेऊन तीन-चार राष्ट्रांचे शोधक त्या पट्ट्यांत येऊन बसले.

त्यांपैकीं एकाचा मुक्काम पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानांत होता. सांगली ज्या कृष्णेच्या कांठीं वसली आहे तीच पुढें जमखिंडीच्या उत्तरेकडून वाहत जाते. आज तें गांव कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. पण त्या काळीं दक्षिण महाराष्ट्रांतील पटवर्धनी संस्थानांच्या एकाच कुटुंबांतलें तें एक घर होतें. तेथें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीनें वर्णपटदर्शक मांडून बसलेले लेफ्टनंट जॉन हर्शेल हे प्रसिद्ध सर जॉन हर्शेल यांचे चिरंजीव, युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू, आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणींतले अधिकारी. श्रावण महिना, आकाशांत ढगांची ये-जा. खग्रास स्थिति पांच मिनिटांहून अधिक टिकणार होती खरी. पण ढगांनीं त्यांतला बराच काळ खाऊन टाकला. एका फटींतून ज्वाला दुर्बिणींत आली आणि वर्णपटदर्शकांत तीन तेजस्वी रेषा उभ्या राहिल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. मध्यें अखंड रंगपट्टा नाहीं. म्हणजे ज्वाला तप्त वायूची, हें क्षणांत ठरलें. उरलेल्या अवकाशांत त्यांनीं नारिंगी रेषेचें स्थान मोजलें, आणि ती सोडियमच्या ‘डी’ रेषेशीं जुळते अशी नोंद केली.

ती जुळत नव्हती. ती हेलियमची रेषा होती.

सोडियमच्या दोन रेषा ५८९६ व ५८९० अँगस्ट्रॉम या लांबीवर पडतात, आणि हेलियमची पीतरेषा ५८७६ वर. मधलें अंतर अवघें चौदा अँगस्ट्रॉम. ही चूक कशी झाली हें समजून घेण्यासाठीं आम्हीं आमच्या प्रयोगशाळेंत एक लहानसा खेळ केला. हेलियमची नळी झांकून ठेविली, दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रांत केवळ पिवळा भाग येईल अशी व्यवस्था केली, आणि पदवीच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एकेकास अर्धा मिनिट पाहावयास देऊन रेषेचें नांव लिहावयास सांगितलें. बहुतेकांनीं न अडखळतां ‘सोडियम’ असें लिहिलें. यांतले कित्येक जण आदल्याच आठवड्यांत ‘हेलियमचा शोध’ या विषयावर आमच्या पुढ्यांत घडाघडा बोलले होते! पिवळी रेषा म्हणजे सोडियम, हें डोळा नव्हे तर संवय सांगते. जमखिंडीस तर वर ढग होते, घड्याळ धांवत होतें, आणि नवें मूलद्रव्य सूर्यावर असूं शकेल ही कल्पना कोणाच्या डोक्यांतही नव्हती. हर्शेल यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. मच्छलीपट्टणास मद्रास वेधशाळेचे पॉगसन यांनीं ती रेषा ‘डी’च्या जागीं किंवा जवळपास असल्याचें लिहून ठेविलें, एवढीच शंका त्या दिवशीं नोंदली गेली.

मग शोध लागला कोठें? गुंटूरास फ्रेंच ज्योतिषी झान्सेन यांस त्या ज्वालांच्या रेषा इतक्या प्रखर भासल्या, कीं ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील असें त्यांच्या मनानें घेतलें. आणि दुसऱ्याच दिवशीं, १९ ऑगस्टला, उघड्या सूर्याच्या कांठावर त्यांनीं त्या पाहिल्या. ग्रहणावांचून ज्वाला पाहण्याची ही रीति लॉकियर यांनींही स्वतंत्रपणें योजिली होती. त्यांचें नवें यंत्र ऑक्टोबरांत हातीं आलें आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजीं लंडनहूनच त्यांस त्या रेषा दिसल्या. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या अकादमीपुढें २६ ऑक्टोबरला एकाच बैठकींत आलीं. लॉकियर यांचें वैशिष्ट्य असें कीं त्यांना ढगांची वा घड्याळाची धास्ती नव्हती. रेषा पुन्हां पुन्हां मोजतां आली, आणि ती ‘डी’शीं जुळत नाहीं हें त्यांनीं आपणांस व इतरांस पटवून घेतलें. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशीं ती जमेना, तेव्हां सूर्याच्या ग्रीक नांवावरून ‘हेलियम’ हें नांव पुढें आलें. रसायनशास्त्रज्ञांनीं तें वीस-पंचवीस वर्षें थट्टेवारी नेलें. १८९५ मध्यें रॅमसे यांनीं क्लीव्हाइट नांवाचें युरेनियमयुक्त खनिज आम्लांत घातलें, निघालेल्या वायूचा वर्णपट पाहिला, आणि तीच पीतरेषा मिळाली. थट्टा तेथें थांबली.

आतां १८९८. त्या वर्षींची पौष अमावास्या शनिवारीं आली. छायेची वाट या वेळीं विजयदुर्गावरून सह्याद्रि चढून, सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडवरून, सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर स्थानकाकडे आणि तेथून वऱ्हाड-नागपुराकडे गेली. पट्टा अरुंद, अंधार जेमतेम दोन मिनिटांचा. कृष्णा-कोयनेचा संगम जवळजवळ मध्यरेषेवर. तेथें ग्रहणस्नानास लोटणाऱ्या लोकांस त्या दोन मिनिटांत कोणतीही दुर्बीण न लागतां सूर्याचा किरीट दिसावा, असा तो योग होता. काळ मात्र वाईट होता. पुण्यांत आणि सातारा जिल्ह्यांत प्लेगनें कहर मांडलेला, रँडच्या खुनास अवघे सात महिने झालेले. अशा दिवसांत जेऊरच्या माळावर अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल सपत्नीक येऊन चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारीत होते, जपानी शोधक आले होते, आणि त्यांच्या शेजारीं एक तुकडी पुण्याहून आलेली होती.

या तुकडीविषयीं लिहितांना लेखणी जरा रेंगाळते. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकवीत. भावनगरच्या महाराजांच्या देणगीवर आणि सरकारनें घातलेल्या भरीवर त्यांनीं तेथें महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण दीर्घ काळ हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी होती. जेऊरास त्यांनीं घेतलेल्या वर्णपटांचा अहवाल १९०२ मध्यें वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून निघाला. दुसरा खंड निघण्याइतकें त्या संस्थेस आयुष्य नव्हतें. १९१२ मध्यें नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही त्यांच्याबरोबर निवृत्त झाली. दुर्बीण कोडाईकनालास रवाना झाली. लॉकियर यांचे कट्टे सगळ्यांस माहीत आहेत. नायगमवाला हें नांव पदार्थविज्ञानाच्या पदवीधरांस विचारून पाहावें, म्हणजे आमचें दुःख कळेल. आपल्या वेधशाळा माणसाबरोबर जन्मतात आणि माणसाबरोबरच मरतात. साहेबाची आठवण राखण्यास मात्र आपण दगडांची साक्ष काढतों, आणि ती साक्षही चुकीच्या सालाची!

पीतरेषेची कथा येथें संपत नाहीं. युरेनियमच्या खनिजांत हेलियम कां कोंडलेलें असावें, याचें उत्तर रदरफोर्ड व रॉइड्स यांनीं १९०९ च्या सुमारास दिलें: किरणोत्सर्गी द्रव्यांतून सुटणारा आल्फा कण म्हणजेच हेलियमचा अणुगर्भ. १९२० मध्यें अ‍ॅस्टन यांनीं मोजून दाखविलें, कीं हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षां हेलियमचा एक अणु किंचित् हलका भरतो. एडिंग्टन यांनीं त्याच वर्षीं सुचविलें, कीं ही शेंकडा पाऊण टक्क्याहून थोडी कमी अशी तूट म्हणजेच सूर्याचें इंधन. हर्शेल यांनीं ज्वालेंत जें पाहिलें तें सूर्याच्या चुलींतल्या राखेच्याच जातीचें द्रव्य होतें, असें आज म्हणतां येतें.

पण चूल पेटलेली आहे हें प्रत्यक्ष कोणीं पाहावें? सूर्यगर्भांत हेलियम घडतांना न्यूट्रिनो नांवाचे कण सुटतात, आणि ते कशानेंही अडत नाहींत. आपल्या बोटाच्या नखाएवढ्या जागेंतून दर सेकंदास सुमारें साठ अब्ज पार होतात. अमेरिकेंतील होमस्टेक या सोन्याच्या खाणींत, सुमारें दीड किलोमीटर खोल, रेमंड डेव्हिस यांनीं कपडे धुण्याच्या द्रवानें भरलेलें सहाशें टनांचें पिंप ठेविलें. दोन दिवसांत सरासरी एखादा अणु बदलावा, तो त्यांनीं हुडकून मोजावा, असें तें काम! पहिले आंकडे प्रसिद्ध झाले ते १९६८ मध्यें, जमखिंडीच्या ग्रहणानंतर बरोबर शंभर वर्षांनीं. आणि ते गणिताच्या सुमारें एक-तृतीयांश भरले. बहुतेकांनीं पिंपावर संशय घेतला, कांहींनीं सूर्याच्या गणितावर. डेव्हिस यांनीं आंकडा मागेंपुढें सरकविला नाहीं. जवळजवळ तीस वर्षें तोच पुन्हां पुन्हां मोजला. २००१-०२ मध्यें कॅनडांतील सडबरी येथील प्रयोगानें निकाल दिला, कीं न्यूट्रिनो वाटेंत आपली जात बदलतात. गणित बरोबर होतें, पिंपही बरोबर होतें. चुकीची होती ती न्यूट्रिनोंविषयींची समजूत. २००२ चें नोबेल पारितोषिक डेव्हिस यांस मिळालें तेव्हां ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. १९६५ मध्यें कोलारच्या सोन्याच्या खाणींत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें, जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह, वातावरणांत जन्मणारे न्यूट्रिनो जगांत आरंभींच टिपले होते. ती खाण २००१ मध्यें बंद झाली.

ग्रहणाची वाट पाहण्याचें कारणही आतां पूर्वीइतकें उरलें नाहीं. २ सप्टेंबर २०२३ रोजीं सुटलेलें ‘आदित्य-एल१’ यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवरील आपल्या जागीं पोंचलें. त्यावरील एक यंत्र सूर्यबिंब झांकून कृत्रिम खग्रास घडवितें. तें बंगळूरच्या ज्या संस्थेनें केलें तिच्याच ताब्यांत कोडाईकनालची वेधशाळा आहे, जेथें पुण्याची दुर्बीण गेली होती. सूर्याच्या जंबुपार किरणांचीं चित्रें घेणारें दुसरें यंत्र पुण्याच्या आयुकानें केलें आहे.

यंदाच्या सहलींत आम्ही मुलांस विजयदुर्गास नेऊंच. कट्ट्यांवर उभें करून १८९८ हें साल सांगूं, आणि जेऊरच्या माळावर त्याच दिवशीं कोण उभे होते तेंही सांगूं. परततांना वाट वांकडी करून जमखिंडीस जाण्याचा बेत आहे. तेथें दाखविण्यासारखा कट्टा नाहीं. म्हणून हेलियमची नळी आणि सोडियमचा दिवा बरोबर घेणार आहों.