माणिक टाइपातली जपानी अक्षरं

जपानी पुस्तकात अवघड कांजी (चिनीतून आलेल्या) अक्षराच्या कडेला त्याचा उच्चार बारीक अक्षरांत दिलेला असतो. त्याला 'फुरिगाना' म्हणतात, पण छापखान्यातलं नाव 'रुबी'. रुबी म्हणजे माणिकच. ब्रिटिश मुद्रक बारीक खिळ्यांना रत्नांची नावं देत, आणि साडेपाच पॉइंटचा खिळा त्यांच्याकडे रुबी होता. जपानमध्ये साडेदहा पॉइंटच्या मजकुराला उच्चारासाठी जोडीला लावत तो खिळा सव्वापाच पॉइंटचा. जवळपास तोच आकार, म्हणून नाव चिकटलं.

इतक्या बारीक टाइपात नवशिक्याची गाडी हमखास अडते ती कताकाना लिपीतल्या 'शि' आणि 'त्सु'वर. दोन्हींत दोन आखूड फटकारे आणि एक लांब तिरकी रेघ. ('सो' आणि 'न' ही तशीच दुसरी जोडी; तिथे आखूड फटकारा एकच.) शर्टाला जपानीत 'शात्सु' म्हणतात. तो कताकानात लिहिताना आधी 'शि', मग लहानसा 'या', मग 'त्सु', म्हणजे एवढ्याशा शब्दात दोघेही हजर.

वर्गात रेघेची दिशा शिकवतात: 'शि'ची खालून वर, 'त्सु'ची वरून खाली. पण छापील अक्षरात दिशा ओळखायची कशी? मला सगळ्यात भरवशाची वाटते ती या अक्षरांची वंशावळ. नवव्या शतकात बौद्ध भिक्षू चिनी ग्रंथांच्या ओळींमधल्या चिंचोळ्या जागेत उच्चाराच्या खुणा करत. पूर्ण अक्षर मावायचं नाही, म्हणून त्याचा तुकडा घेत. 'कताकाना'तल्या 'कता'चा अर्थच तुकडा, अर्धवट भाग. म्हणजे ही लिपी जन्मलीच बारीक मजकुरासाठी. जपानीची दुसरी उच्चारलिपी हिरागाना मात्र अख्ख्या चिनी अक्षराच्या मोडी वळणातून आली. दोन्ही लिप्यांतल्या 'शि'चं मूळ चिनी अक्षर एकच, आणि 'त्सु'चंही एकच मानतात. त्यामुळे हिरागाना आठवावी. तिथला 'शि' सरळ खाली उतरून उजवीकडे वर वळतो. कताकानातल्या 'शि'चे फटकारेही डाव्या कडेने एकाखाली एक येतात आणि रेघ वर चढते. हिरागानातला 'त्सु' माथ्यावरून आडवा जाऊन खाली वळतो. कताकानातही फटकारे माथ्याशी शेजारीशेजारी आणि रेघ खाली. लांब रेघेकडे पाहूच नये, आखूड फटकारे कुठल्या कडेला चिकटलेत ते पाहावं.

'ब' आणि 'प' यांतला फरक तर याहून नाजूक. 'ह'च्या डोक्याशी दोन टिंबं दिली की 'ब', बारीक वर्तुळ दिलं की 'प'. बाली बेट 'बारी' आणि पॅरिस 'पारी', त्यामुळे प्रवासाच्या जाहिरातीत टिंबं नीट पाहिली नाहीत तर खंडच बदलतो.

पण 'ह'पासून 'प' कसा? याचं उत्तर मराठी वाचकाला लवकर पटेल, कारण जपानी अक्षरमाला संस्कृतच्या वर्णक्रमावर बेतलेली आहे: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. 'न' आणि 'म' यांच्यामध्ये आपल्याकडे प, फ, ब, भ येतात, तिथे जपानीत 'ह' बसलाय. कारण तो मुळात 'प'च होता. पुढे त्याचा 'फ'सारखा उच्चार झाला आणि मग 'ह'.

'प'चं वर्तुळ दिसतं ते जेझुइट मिशनऱ्यांनी 1598 मध्ये जपानात छापलेल्या 'राकुयोशू' या अक्षरकोशात. त्यांचं मुद्रणयंत्र युरोपातून गोव्यामार्गे 1590 मध्ये जपानला पोहोचलं होतं. ते आणणाऱ्या मंडळींत युरोप पाहून परतणारे जपानी तरुण होते. त्यांच्यातल्या हारा मार्तिन्यो याचं लॅटिन भाषण 1588 मध्ये गोव्यातच छापलं गेलं, आणि त्यावर त्याचं आडनाव 'हारा' नाही, 'फारा' असं आहे.