फ्रायबर्गची खनिकर्म अकादमी आणि आंतरराष्ट्रीय खनिज-शिक्षणाची परंपरा

प्रस्तावना :
खाण जमिनीशी बांधलेली असते. खाणीचे ज्ञान मात्र एका प्रदेशात कोंडून ठेवता येत नाही. युरोपात अनेक देशांतील विद्यापीठांनी एकत्र येऊन खनिकर्म व खनिज अभियांत्रिकीचे पदव्युत्तर अभ्यासक्रम उभारले. १९९९ च्या बोलोन्या घोषणेमुळे या पद्धतीस बळ मिळाले. तथापि तिची मुळे अठराव्या शतकात आढळतात. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील फ्रायबर्ग येथील अकादमीच्या आधारे या परंपरेचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

स्थापना व अध्यापनपद्धती :
फ्रायबर्ग परिसरात ११६८ च्या सुमारास चांदी सापडली. पुढे सप्तवार्षिक युद्धाने (१७५६-६३) सॅक्सनीची तिजोरी रिती केली आणि खाणींचे उत्पन्न वाढविणे निकडीचे झाले. या गरजेतून १७६५ मध्ये हाइनिट्झ व ओपेल यांच्या पुढाकाराने अकादमी स्थापन झाली. तत्पूर्वीही, १७३९ मध्ये, रशियाचा लोमोनोसोव्ह येथे हेंकेल यांच्याकडे खनिजशास्त्र व धातुविद्या शिकण्यासाठी आला होता.

१७७५ ते १८१७ या काळात अब्राहम व्हेर्नर यांच्या अध्यापनामुळे अकादमीची कीर्ती देशोदेशी पसरली. १७९१ मध्ये दाखल झालेला हुम्बोल्ट सकाळी खाणीत उतरे आणि दुपारनंतर व्याख्यानांना बसे. प्रत्यक्ष काम व शास्त्र यांची ही सांगड हेच येथील शिक्षणाचे मर्म होते.

परभूमीची कसोटी :
येथे शिकलेले फाउस्तो एलुयार १७८८ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. पारा वापरून धातुकातून चांदी वेगळी करण्याची बोर्न यांची नवी युरोपीय पद्धत तेथे रुजविण्याचा प्रयत्न झाला. मात्र त्यासाठी आलेले जर्मन तज्ज्ञ सोनेश्मिट यांनी अनेक वर्षांच्या अनुभवानंतर सोळाव्या शतकापासून तेथे रूढ असलेली अंगणातील 'पॅटिओ' पद्धतच त्या भूमीस अधिक योग्य ठरविली. १७९२ मध्ये मेक्सिको शहरात एलुयार यांच्या नेतृत्वाखाली खनिकर्म विद्यालय सुरू झाले. तेथील अध्यापक आंद्रेस देल रिओ हेही फ्रायबर्गला शिकलेले. १८०१ मध्ये त्यांनी मेक्सिकोतील धातुकात नवे मूलद्रव्य ओळखले. तेच पुढे व्हॅनेडियम म्हणून प्रसिद्ध झाले.

गुरूच्या सिद्धांतालाही हीच कसोटी लागली. बेसॉल्ट हा समुद्राच्या पाण्यात निक्षेपित झालेला खडक आहे, असे व्हेर्नर मानीत. त्यांचेच शिष्य फोन बूख व हुम्बोल्ट यांनी देशोदेशींचे ज्वालामुखी पाहिल्यावर हे मत सोडले. दख्खनचे पठार ज्या काळ्या पाषाणाने घडले, त्याच खडकाविषयीचा हा वाद होता, हे येथे लक्षणीय आहे.

खाणींनंतरची अकादमी :
१९१३ मध्ये फ्रायबर्गचे चांदीचे खाणकाम थांबले; १९३० च्या दशकात शिसे व जस्त यांसाठी ते पुन्हा सुरू होऊन १९६९ मध्ये कायमचे बंद पडले. 'रायखे त्सेखे' ही खाण मात्र अध्यापन व संशोधनासाठी राखली गेली. पुढे लिएज, लॉरेन, लुलेओ व फ्रायबर्ग या चार विद्यापीठांनी मिळून भूसंसाधन अभियांत्रिकीचा दोन वर्षांचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. स्थानिक चांदी संपल्यावरही शिक्षण टिकले, कारण ते केवळ स्थानिक राहिले नव्हते.

समारोप :
भारतातही प्रमथनाथ बोस लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकले. मयूरभंजमधील लोहखनिजाची माहिती त्यांनी १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना कळविली. धनबादचे खनिकर्म विद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. त्याआधी या विषयाच्या उच्च शिक्षणासाठी अनेकदा परदेशाकडे पाहावे लागे. परदेशी शिक्षणाचे मोल केवळ पदवीने ठरत नाही. शिकून आलेले ज्ञान परक्या वा स्वतःच्या भूमीवर पारखून, प्रसंगी गुरूचे मतही सोडण्याची तयारी विद्यार्थ्यात निर्माण होते की नाही, यावर ते ठरते. आजच्या संयुक्त अभ्यासक्रमांचे मूल्यमापनही याच निकषावर व्हावयास हवे.